कुटुंब कोणास म्हणावें?

जुन्या वळणाच्या मराठी गृहस्थास "घरीं कोण कोण असतें?" असें विचारलें, तर "मी, कुटुंब आणि दोन मुलें" असें उत्तर मिळत असे. कुटुंब म्हणजे बायको. सबंध घराचें नांव एका माणसावर ठेवण्याची ही रीत मोठी अर्थपूर्ण आहे. जिच्यामुळें चूल पेटते, आल्यागेल्यास पाणी मिळतें आणि आजाऱ्याच्या उशाशीं रात्रीं कोणी जागें असतें, ती स्त्री म्हणजेच घर, असें या भाषेला वाटलें. परंतु हाच शब्द पुढें कारखान्याच्या नोंदवहींत, विम्याच्या कागदांत आणि सरकारी कायद्यांत जाऊन बसला, तेव्हां त्याचा अर्थ पालटला. चूल कोण पेटवितें हा प्रश्न तेथें उरला नाहीं; लग्नाचा पुरावा कोणापाशीं आहे, हा प्रश्न आला.

एकाच्या नोकरीच्या आधारानें त्याच्या घरच्या माणसांस औषधोपचार मिळावा, ही सोय शहरांतील सुशिक्षित घरांच्या चांगली परिचयाची आहे. पति नोकरीस असेल तर पत्नीचें, पत्नी नोकरीस असेल तर पतीचें नांव कंपनीच्या आरोग्यविम्यांत घातलें जातें. पण दोघें एकत्र राहतात, एकमेकांचा भार वाहतात, आणि लग्न मात्र झालेलें नाहीं, अशा वेळीं काय? हा प्रश्न पुष्कळांस अगदीं नवा, पश्चिमेकडून कालपरवां आलेला वाटतो. वस्तुतः तो याच प्रांतांत शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता; आणि ज्यांच्यापुढें तो उभा राहिला, त्यांत जुन्नर-आंबेगांवच्या खेड्यांतून मुंबईस गेलेलीं माणसेंहि होतीं.

जुन्नर तालुक्याच्या पूर्वभागांत आळे हें गांव आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद बोलविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधि येथें असल्यामुळें वारकरी मंडळीस तें परिचित आहे. पुणें-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांस छेदतात तो आळेफाटा प्रवाशांस ठाऊक असतोच. या मुलखाचें घाटाखालच्या बंदरांशीं नातें फार जुनें. नाणेघाटांतील सातवाहनांचे लेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण त्याची साक्ष देतात. पूर्वी या वाटांनीं माल खालीं जात असे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढें गिरण्यांची रांग लागली, तेव्हां माणसें खालीं जाऊं लागलीं. पश्चिमेस मावळांत पाऊस उदंड, पूर्वेस तुटपुंजा. कोरडवाहू शेतीवर साऱ्या घराचें पोट भरेना. मग एक भाऊ शेत पाही, दुसरा मुंबईची वाट धरी. कोणी साच्यावर लागला, कोणी बाजारांत पाटी उचलूं लागला, कोणी चाकरमान्यांचे डबे पोंचविण्याच्या धंद्यांत शिरला. डबेवाल्यांत मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव, जुन्नर याच पट्ट्यांतील माणसें मुख्यत्वेंकरून दिसतात.

हीं माणसें बहुधा एकटीं जात. बायको गांवीं राही, कारण म्हातारीं माणसें, गुरें आणि जमिनीचा तुकडा यांस तिच्यावांचून आधार नव्हता. आणि चाळीच्या एका खोलींत आठ-दहा पुरुष राहत असतां तेथें तिला जागाहि नव्हती. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशें निघाल्या. हा आंकडा नुसता गणिताचा नव्हे. अशा शहरांत विधवा, टाकलेल्या, किंवा पोटासाठीं एकट्याच आलेल्या स्त्रियाहि होत्या. त्यांपैकीं कोणी खानावळ चालवी, कोणी गिरणीच्या वाइंडिंग खात्यांत काम करी. काळाच्या ओघांत अशा एकाद्या स्त्रीचें आणि एकाद्या कामगाराचें घर एक होई. भटजी नाहीं, वाजंत्री नाहीं, नोंद नाहीं. परंतु चूल एक, कर्ज एक आणि आजारपणहि एक.

खेड्यांतल्या रूढीनें अशा घरांस अगदींच वाऱ्यावर सोडलें होतें असेंहि नव्हे. पुष्कळ जातींत विधवेचा पाट लावीत आणि काडीमोडहि होत असे. पाट हा पहिल्या लग्नाइतक्या मानाचा नसला, तरी तो विवाहच होता, आणि इंग्रजी न्यायालयांनींहि रूढीचा विवाह म्हणून तो मानला. पण पाट लावावयास जातीचीं माणसें लागत, आणि मुंबईच्या चाळींत तीं नेहमींच कोठून असणार? म्हणून पाटाचाहि आधार नसलेलीं कित्येक घरें वर्षानुवर्षें चाललीं. शेजारी तिला त्याच्याच नांवानें ओळखीत. कायदा मात्र तिला कोणत्याच नांवानें ओळखीत नव्हता.

कायद्याचा आणि अशा घरांचा पहिला मोठा संबंध आला तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें. कामावर असतां अपघातानें मजूर मेला तर त्याच्यावर अवलंबून असणारांस मालकानें भरपाई द्यावी, असा त्याचा आशय. अवलंबून असणारे म्हणजे कोण, याची यादी कायद्यांतच दिलेली आहे. तिचें जें रूप पुढें स्थिरावलें तें नीट वाचण्यासारखें आहे. तींत विधवा पत्नी आहे, औरस मुलें आहेत, विधवा आई आहे. आणि कमाईवर पोसलें जात असेल तर अनौरस अज्ञान मुलगा व अनौरस अविवाहित मुलगीहि आहे. नाहीं ती फक्त त्या मुलांची आई. बापाच्या मरणानंतर मुलाच्या तोंडीं घांस जावा एवढी दया कायद्यानें दाखविली. तो घांस भरविणाऱ्या हाताला मात्र यादींत जागा मिळाली नाहीं.

याच काळांत मुंबई प्रांतानें एक दुसरा कायदा केला, आणि त्याची दृष्टि अगदीं निराळी होती. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत असवले यांनीं प्रसूतिकाळच्या साहाय्याचें विधेयक मांडलें. २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याच्या बाजूनें भाषण केलें. बाळंतपणाच्या आगेंमागें आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, हें त्यांचें प्रतिपादन प्रसिद्धच आहे. १९२९ सालीं कायदा झाला. हिंदुस्थानांत या प्रकारचा तो पहिलाच. तो गिरणींतल्या बाईला ती गिरणींत काम करते म्हणून साहाय्य देई. तिच्या गळ्यांत मंगळसूत्र आहे कीं नाहीं, हें त्यास कर्तव्य नव्हतें. १९६१ सालीं सबंध देशासाठीं जो प्रसूतिलाभाचा कायदा झाला त्यानेंहि स्त्रीची व्याख्या 'नोकरीस असलेली' एवढीच केली. विवाहित असण्याची अट घातली नाहीं.

या दोन कायद्यांतील फरक ध्यानांत घेतला कीं पुढचा सारा इतिहास उलगडतो. जो हक्क माणसाला स्वतःच्या श्रमांतून मिळतो, त्याला लग्नाचा प्रश्न विचारला जात नाहीं. जो हक्क दुसऱ्याच्या श्रमांतून मिळतो, त्याच्या दारांत मात्र पहिला प्रश्न लग्नाचाच असतो. आणि गिरणगांवांत काय किंवा खेड्यांत काय, दुसऱ्याच्या श्रमांतून हक्क मागण्याची पाळी मुख्यत्वें स्त्रीवरच येत असे, कारण घरांत ती जे श्रम करी त्यांस कोणी नोकरी म्हणत नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत या प्रश्नाला आणखी एक बाजू फुटली. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. रेशनच्या कचेरीस घरांत किती तोंडें आहेत हें हवें होतें. त्यांचीं लग्नें लागलीं होतीं कीं नाहीं याच्याशीं धान्याच्या मापाला काय करावयाचें? त्याच वर्षीं प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आजारविम्याची योजना आंखण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांचा अहवाल १९४४ मध्यें आला, आणि त्याच्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभारला गेला. योजना प्रथम १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें सुरू झाली, आणि १९५४ सालीं मुंबईच्या कामगारांस लागू झाली. प्रारंभीं औषधोपचार खुद्द कामगारापुरताच होता. कुटुंबियांस तो पुढें टप्प्याटप्प्यानें मिळाला.

योजना थोर होती यांत शंका नाहीं. महिन्याच्या पगारांतून थोडी रक्कम कामगार देई, त्याहून अधिक मालक देई, आणि त्या सामाईक पैशांतून दवाखाना व रुग्णालय चाले. परळचें महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हें तिचेंच फळ. परंतु कुटुंबाची व्याख्या करतांना तिनें रेशनच्या कचेरीची वाट न धरतां जुनीच वाट धरली. कुटुंब म्हणजे विवाहित जोडीदार, औरस किंवा दत्तक अज्ञान मुलें, आणि अवलंबून असलेले आईबाप. एकाच शहरांत एकाच खोलीला दोन सरकारी खातीं दोन डोळ्यांनीं पाहूं लागलीं. एकानें चूल मोजली, दुसऱ्यानें लग्न मोजलें.

येथें आणखी एक गुंता सांगितला पाहिजे. १९४६ सालीं मुंबई प्रांतानें हिंदूंच्या द्विभार्याविवाहास बंदी करणारा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती बंदी देशभर नेली. गांवीं राहिलेल्या पहिल्या बायकोच्या दृष्टीनें हें पाऊल न्यायाचें होतें. तिच्या वांट्याचें घर आणि तिचा मान कोणी पळवूं नये हें योग्यच होतें. पण त्याचा दुसरा परिणामहि झाला. मुंबईंत दुसरी म्हणून ज्या स्त्रीशीं संसार थाटला जाई, ती पूर्वी कायद्यानें बायको ठरली असती; आतां ती कायद्याच्या दृष्टीनें कोणीच राहिली नाहीं, मग तिला फसवून लग्न लावलेलें असो वा नसो. १९७६ च्या दुरुस्तीनें अशा संबंधांतील मुलांस औरसपणा दिला. आईची स्थिति मात्र तशीच राहिली. १९८८ सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशी स्त्री पोटगीच्या कायद्यापुरतीहि पत्नी नव्हे असा निर्णय दिला. पुढें २०१३ सालीं, तोहि महाराष्ट्रांतल्याच एका खटल्यांत, पहिलें लग्न लपवून दुसरीस फसविणाऱ्या पुरुषास स्वतःच्या लबाडीचा फायदा घेतां येणार नाहीं, असें त्याच न्यायालयानें सांगितलें.

न्यायालयांपाशीं एक जुनें औषध होतें, तेंहि सांगणें जरूर आहे. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पतिपत्नीप्रमाणें राहिले, तर उलट पुरावा नसेल तोंवर त्यांचें लग्न झालेलें आहे असें मानावें, हें तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनें १९२७ सालीं सिंहलद्वीपाच्या एका दाव्यांत स्पष्ट केलें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सुमारें पन्नास वर्षें एकत्र राहिलेल्या जोडप्यास याच तत्त्वाचा लाभ दिला. हें औषध गुणकारी, पण त्याला पथ्य फार. दोघांपैकीं एकाचें आधींचें लग्न उभें असेल तर तें चालत नाहीं. आणि तें मिळवावयास न्यायालयांत जावें लागतें. ताप चढलेल्या माणसास रुग्णालयाच्या खिडकीशीं उभें करून न्यायालयाचा निकाल आणा म्हणणें, म्हणजे आग लागल्यावर विहीर खणावयास सांगणेंच नव्हे काय?

कुटुंब कोण, या प्रश्नाच्याहि आधीं दुसरा एक प्रश्न असतो, तो म्हणजे मालक कोण. आळे गांवापासून फार दूर नसलेलें नारायणगांव हें तमाशाचें माहेर. यात्रांचा हंगाम आला कीं तेथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवितात. या फडांत लग्नाच्या चौकटीबाहेरचीं पण आयुष्यभराचीं नातीं नवलाचीं नाहींत. पण तेथें कुटुंबाची व्याख्या कितीहि रुंद केली तरी काय उपयोग? विम्याचा हप्ता भरणारा कायमचा मालकच नाहीं. डबेवाल्यांचीहि तीच गोष्ट; ते आपल्या धंद्याचे भागीदार, कोणाचे नोकर नव्हेत. मुंबईच्या बाजारांतील माथाडी आज एका पेढीचा तर उद्यां दुसरीचा माल उचली. त्यांच्यापुरती ही अडचण महाराष्ट्रानें १९६९ च्या माथाडी कायद्यानें सोडविली. नोंदणीचें मंडळ स्थापून अनेक मालकांकडून वर्गणी घ्यावयाची आणि कामगारांस औषधपाण्यासह इतर सवलती द्यावयाच्या, अशी ती युक्ति. या दाराला कुलुपें दोन आहेत, मालकाचें आणि लग्नाचें. पहिलें कुलूप कल्पकतेनें उघडतें हें माथाडींनीं दाखवून दिलें.

दुसरें कुलूप परदेशांत कसें उघडलें? पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं, १९१४ सालीं, इंग्लंडांत सैनिकांच्या बायकांस भत्ता देण्याचा प्रश्न आला. कित्येक सैनिकांचीं घरें लग्नावांचूनच चाललेलीं आढळलीं. तेव्हां ज्या स्त्रीशीं सैनिकानें भरतीपूर्वी खरोखर घर मांडलें होतें तिलाहि भत्ता द्यावा असें ठरलें. नीतीच्या नांवानें ओरड झाली. परंतु रणांगणावरील माणसाचें मन घरीं भुकेल्या माणसांपाशीं अडकून राहूं नये, या व्यवहारापुढें ती टिकली नाहीं. अमेरिकेची वाट निराळी. तेथें १९४२ सालीं युद्धामुळें पगारवाढीवर बंधन आलें, म्हणून मालकांनीं कामगार टिकवून धरण्यासाठीं आरोग्यविमा देऊं केला. पुढें करांतहि त्यास सूट मिळाली. परिणामीं त्या देशांत औषधोपचार नोकरीशीं आणि नोकरी करणाराच्या लग्नाशीं बांधला गेला. १९८२ सालीं न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकांतील कामगारांनीं संघटनेमार्फत करार करून अविवाहित जोडीदारासहि विम्यांत घेण्याची सवलत मिळविली, आणि १९८४ सालीं बर्कली शहराच्या नगरपालिकेनें आपल्या नोकरांस ती दिली. दोन्ही ठिकाणीं संसदेनें कायदा करण्याची वाट कोणी पाहिली नाहीं. नोकर आणि मालक यांनीं आपसांतल्या करारांतच कुटुंबाची व्याख्या रुंद केली.

भारतांत असा करार शक्य झाला तो खाजगी आरोग्यविमा वाढल्यावर. १९७३ सालीं सर्वसाधारण विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें आणि १९८६ सालीं सरकारी विमा कंपन्यांनीं 'मेडिक्लेम' आणला. कंपन्या आपल्या सगळ्या नोकरांसाठीं एकत्र पॉलिसी घेऊं लागल्या. कामगार राज्य विम्यांत कुटुंबाची व्याख्या कायद्यानें बांधलेली असते. या समूहविम्यांत ती पॉलिसीच्या कागदावर लिहिलेली असते. कायदा बदलावयास संसद लागते; कागद बदलावयास मालक आणि विमा कंपनी या दोघांची संमति पुरते. डिसेंबर २०१९ मध्यें, जिचें नोंदणीकृत कार्यालय मुंबईंत आहे त्या टाटा स्टीलनें, समलिंगी व तत्सम नात्यांतील नोकरांस आपला जोडीदार जाहीर करून कायद्यांत बसणाऱ्या सवलती घेण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२१ मध्यें, मुंबईंतच मुख्य कचेरी असलेल्या अॅक्सिस बँकेनें, लिंग किंवा वैवाहिक स्थिति कोणतीहि असो, नोकरास आपल्या जोडीदाराचें नांव मेडिक्लेममध्यें घालतां येईल असें जाहीर केलें. ज्या शहरांत गिरणीकामगाराच्या सोबतिणीस यादींत जागा मिळाली नाहीं, त्याच शहरांत नोकराचा शब्द पुरेसा मानण्याची ही सुरुवात होती.

कायदाहि अगदीं स्वस्थ बसलेला नाहीं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें 'विवाहासारख्या नात्यां'तील स्त्रीस संरक्षण दिलें. ऑक्टोबर २००८ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें अशा स्त्रीस पोटगीच्या कायद्यांत आणावें म्हणून दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर केला. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'विवाहासारखें नातें' म्हणजे काय याच्या कसोट्या घालून दिल्या. २०१८ सालीं समलिंगी व्यक्तींचें परस्परसंमतीचें नातें गुन्हा नव्हे असें ठरलें. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें त्यांस विवाहाचा हक्क मात्र दिला नाहीं. तरी त्यानंतर २०२४ सालीं केंद्र सरकारनें दोन गोष्टी स्पष्ट केल्या: अशा जोडीदारांस बँकेंत संयुक्त खातें उघडून एकमेकांस वारस नेमण्यास आडकाठी नाहीं, आणि शिधापत्रिकेसाठीं त्यांस एकाच घरचे मानावें. परंतु कामगार राज्य विम्याच्या जागीं आलेल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत असलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत कुटुंबाची व्याख्या अद्याप विवाहित जोडीदारापासूनच सुरू होते. म्हणजे बँकेंतल्या गलेलठ्ठ पगाराच्या अधिकाऱ्यास जी मुभा मिळाली, ती कारखान्यांतल्या कमी पगाराच्या कामगारास अजून मिळालेली नाहीं. जुन्या अन्यायाचें हें नवें रूप विसरतां कामा नये.

या मुभेविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते सगळेच क्षुद्र नाहींत. विमा हा समान संकटाचा सामाईक गल्ला असतो. आजारी पडल्यावर कोणीहि कोणासहि जोडीदार म्हणून दाखवूं लागलें, तर गल्ला रिता होईल आणि हप्ता सगळ्यांचाच वाढेल. ही भीति खरी आहे. पण तिच्यावर उपायहि व्यवहारांत रुळलेले आहेत. दोघांनीं लेखी निवेदन करावें, एका पत्त्याचा व सामाईक खर्चाचा पुरावा द्यावा, नांव घालण्याची संधि वर्षांतून ठराविक वेळींच असावी, आणि जोडीदार बदलल्यास मध्यें कांहीं काळ जाऊं द्यावा. लबाडीचा संशय लग्नाच्या बाबतींतहि येऊं शकतो. म्हणून कोणी सगळ्याच नवराबायकोंस विम्याबाहेर ठेवीत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं यामुळें विवाहाची प्रतिष्ठा कमी होईल. विवाहाची प्रतिष्ठा निष्ठेंत आणि कर्तव्यांत आहे. आजारी माणसाचें औषध थांबवून ती वाढत असती, तर गिरणगांवाच्या काळींच ती आकाशास भिडली असती.

मात्र नोकरीच्या विम्याची मूळ दुर्बलता लग्नाच्या अटीपुरती नाहीं. दुसऱ्याच्या नोकरीवर टेकलेला हक्क त्या नोकरीबरोबरच कोसळतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी ही छाया लग्नाच्या आणि बिनलग्नाच्या अशा दोन्ही घरांवरून सरली. म्हणून तिसऱ्या वाटेचा विचार करावा लागतो. २०१२ सालीं महाराष्ट्रांतील आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढें महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें राज्यभर चालली. तिचा आरंभापासूनचा मुख्य आधार शिधापत्रिका. तेथें मालक लागत नाहीं. खानेसुमारींतहि घर म्हणजे एका स्वयंपाकघरांत जेवणारीं माणसें, अशीच व्याख्या आहे. १९४३ च्या रेशनच्या कचेरीनें जें साधेपणानें केलें, त्याच्याच जवळ हें शहाणपण येतें.

येणेंप्रमाणें गेल्या शंभर वर्षांत कुटुंब मोजण्याचीं तीन मापें या प्रांतानें वापरलीं: लग्नाचें, चुलीचें आणि माणसाच्या शब्दाचें. लग्नाचें माप स्पष्ट आहे. पण त्यानें ज्यांना पत्र नाहीं त्यांस वगळलें, आणि वगळलीं गेलीं तीं बहुतेक गरीब माणसें, त्यांतहि स्त्रिया. चुलीचें माप उदार आहे; पण रेशनची कचेरी सोडली तर तें फार थोड्या खात्यांनीं मानलें. शब्दाचें माप नवें आहे आणि तूर्त मोठ्या कंपन्यांच्या दालनांतच आहे. ज्या घरांत असा प्रश्न असेल, त्यांनीं कांहीं गोष्टी वेळींच कराव्या: पॉलिसीच्या कागदांतील 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या अक्षरशः वाचावी, कंपनींत लेखी विचारावें, तेथें नकार मिळाल्यास जोडीदाराची स्वतंत्र पॉलिसी आजार येण्यापूर्वीच घ्यावी, आणि बँकेचें नामनिर्देशन व मृत्युपत्र पुरें करून ठेवावें. आणि ज्यांच्या हातीं व्याख्या लिहिण्याचा अधिकार आहे, त्यांनीं मराठीनें कुटुंब हा शब्द कशावरून योजिला होता तें एकदां आठवावें. आजाऱ्याच्या उशाशीं जो जागतो, त्याला त्या शब्दांत जागा असावी.